हाफक्लच बाईंचा आठ

या शहरात गाडी चालवणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणी चढावर गाडी थांबली की अजूनही मनातल्या मनात "हाफ क्लच, हाफ क्लच" असं पुटपुटतात. उरलेल्या निम्म्या मोठ्याने म्हणतात. ज्या बाईने त्यांना हे शिकवलं तिचं खरं नाव विचारलं, तर दोन्ही निम्म्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतील. परवान्याच्या अर्जावर तिची सही असते, पण ती वाचता आली तर शपथ. म्हणून ती हाफक्लच बाई.

बाई पन्नाशीच्या आसपासच्या. अंगाने काटक, बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. त्यांची गाडी चौदा वर्षांची; शिकाऊ गाड्यांची असते तशी तिला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक. शिकणारी बाई स्टिअरिंगपाशी बसून देवाचा धावा करते आणि हाफक्लच बाई शेजारी बसून पायाने तिचा जीव वाचवतात. एवढाच त्यांचा धंदा. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून, खरं म्हणजे पायाखालून, किती जणी गेल्या याची नोंद त्यांनी ठेवली नाही. नोंद ठेवायची ती चुकांची, असं त्यांचं मत.

धंद्याची जागा म्हणजे जुन्या बस आगाराचं पटांगण. सहा वर्षांपूर्वी आगार गावाबाहेर गेलं. बसगाड्या गेल्या आणि मागे राहिलं एवढं मोठं सिमेंटचं मैदान, कुलूप लागलेली वर्कशॉपची शेड, चारी बाजूंना भिंत आणि मधोमध दिव्यांचे दोन उंच खांब. जागा पालिकेची. पालिकेची म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे जो सकाळी आधी येईल त्याची. भिंतीच्या कडेने म्हातारे चालायचे, शेडच्या सावलीत कुत्री झोपायची, आणि सात ते अकरा दोन खांबांभोवती बाईंची गाडी फिरायची.

त्या दोन खांबांत सगळी गंमत होती. आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवून दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि शहरात आठ काढायला जागा ही एवढीच. एका खांबाला डावीकडून वळसा घालायचा, मधून तिरकं जायचं, दुसऱ्याला उजवीकडून. सिमेंटवर टायरांनी काळसर आठ उमटला होता. तो कुणी रंगवला नव्हता, घासून घासून झाला होता.

आगार चालू होतं तेव्हा रविवारी दुपारी ही जागा बाईंना मिळायची ती नवऱ्यामुळे. नवरा याच आगारात बसचालक. फाटकवाल्याला नुसती मान हलवायचा, की फाटक उघडं. बायकोला पहिला आठही त्यानेच काढायला लावला होता. नंतर ती इतरांना शिकवायला लागली तेव्हा म्हणाला, "माझ्या बसमध्ये साठ माणसं बसतात, पण घाबरून कुणी माझा हात धरत नाही. तुझं काम अवघड."

तो गेला त्याला आता आठ महिने झाले होते. सकाळी एका पायात बूट घातला, दुसऱ्याची नाडी हातात होती, आणि तसाच बसल्या जागी कलंडला. बाईंनी गॅस बंद केला, पलीकडच्या खोलीतून नणंदेला हाक मारली, डॉक्टरांना फोन केला. मग तीन शिष्यांना फोन करून सांगितलं की आज क्लास नाही. हे तीन फोन लोकांच्या फार दिवस तोंडी होते. चौथ्या दिवशी बाई पुन्हा पटांगणात दिसल्या तेव्हा तर चालणाऱ्या म्हाताऱ्यांनी वेग कमी करून नीट बघून घेतलं. डोळे कोरडे. गाडी पुसलेली.

बाईंना स्वतःलाही ते विचित्र वाटत होतं, पण वाटतं म्हणजे काय, तेच हरवलं होतं. दातवाल्याकडून परत येताना ओठ असतो ना, आपलाच असतो पण बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं सगळं. भेटायला येणारे येऊन गेले. त्यांच्या कपातला चहा कितपत उरला होता ते बाईंच्या लक्षात राहिलं, ते काय बोलले ते नाही.

नणंद निवृत्त नर्स. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली. जिभेला धार अशी, की वॉर्डातले पेशंट इंजेक्शनला कमी आणि तिला जास्त भ्यायचे. ती एकदाच म्हणाली, "वहिनी, रडायचं तर रडा, नसेल येत तर राहू दे. पण चार किलो उतरलात ते मी चालवून घेणार नाही."

"बरं, ताई," म्हणून बाईंनी ताट पुढे ओढलं. आठ महिन्यांत त्यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

पटांगणाच्या फाटकावर फलक लागला तो अशा दिवसांत. त्या वेळी बाईंकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकत होत्या. वय साठ. नवऱ्याने चाळीस वर्षं गाडीला हात लावू दिला नाही, आणि आता त्याला दिसेनासं झालं तेव्हा किल्ली आपोआप हातात आली. "डोळ्यांच्या डॉक्टरचे उपकार," असं त्या बिनदिक्कत सांगायच्या. दोघी एकमेकींना बाईच म्हणत. त्यामुळे गाडीत सतत "बाई, ब्रेक!" "दाबलाय, बाई!" "तो क्लच आहे, बाई!" असं चाललेलं असे, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला कोण कुणाला शिकवतंय ते कळत नसे.

मुख्याध्यापिकांनी फाटकातच गाडी बंद पाडली आणि सवयीने फलक मोठ्याने वाचला. "या जागेचे भविष्य तुम्ही ठरवा. सार्वजनिक आणि मनोरंजनाच्या वापरासाठी नागरिकांच्या सूचना. रविवारी सकाळी दहा, पालिका सभागृह." मग चष्म्यावरून बघितलं. "बाई, हे आपलं पटांगण."

"हो."

"म्हणजे इथे बाग वगैरे करणार."

"करतील."

"मग आपण आठ कुठे काढायचा?"

बाईंनी आरशात बघितलं. मागे दुधाची गाडी उभी होती. "आधी चालू करा. मागे लोक थांबलेत."

पण रविवारी दोघी गेल्या. नणंदेने बाईंना अक्षरशः दाराबाहेर ढकललं. "घरात बसून काय करणार? पंख्याचा वेग मोजणार? पोटाचा प्रश्न आहे, वहिनी. ते पटांगण गेलं तर शिकवणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

सभागृहात सहा टेबलं मांडली होती. प्रत्येकावर पटांगणाचा मोठा नकाशा आणि पिशवीत पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. हिरवा म्हणजे बाग, पिवळा म्हणजे मुलांची खेळणी, तपकिरी म्हणजे वाचनालय, नारिंगी व्यायामाची उपकरणं, करडा स्वच्छतागृह, काळा वाहनतळ. सगळे तुकडे मापात कापलेले. ही कल्पना पालिकेच्या तरुण नियोजनकाराची. सगळे त्याला नकाशेसाहेब म्हणत. साहेब चांगला मुलगा होता, बाह्या दुमडून टेबलाटेबलांवर फिरत होता आणि सगळ्यांना "छान, छान" म्हणत होता.

बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. बारकाईने बघितलं. रिकाम्या जागेचा तुकडा त्यात नव्हता.

टेबलावर आणखी दोघं होती. चालणाऱ्या म्हाताऱ्यांचे पुढारी, त्यांना सगळे काका म्हणत, आणि एक लेकुरवाळी पोरगी. काकांनी पहिल्या मिनिटाला सगळे हिरवे तुकडे ताब्यात घेतले.

"काका, सगळी बागच केलीत तर पोरं खेळतील कुठे?"

"आमच्या वेळी पोरं रस्त्यावर खेळायची."

"तुमच्या वेळी म्हातारे घरात बसायचे," पोरगी म्हणाली, आणि मुख्याध्यापिकांना खोकल्याचा बहाणा करावा लागला.

असं अर्धा तास चाललं. एक तुकडा इकडचा तिकडे झाला की दुसरा टेबलावरून खाली. बाईंना नकाशावर दोनच गोष्टी दिसत होत्या: दोन बारीक गोल ठिपके, म्हणजे खांब. त्यांनी हात पुढे केला आणि एका खांबाभोवती काकांची बाग गोळा केली. दुसऱ्याभोवती खेळणी. वाचनालय शेडमध्ये, स्वच्छतागृह कोपऱ्यात. मधलं सगळं मोकळं. मग वळण कुठे अडतंय का ते बोटाने फिरवून बघितलं. व्यायामाची उपकरणं चाकाखाली येत होती, ती भिंतीला सरकवली. काळा तुकडा मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरला. आत गाड्या उभ्या राहिल्या तर शिकणारीची पहिली धडक त्यांनाच, हा बावीस वर्षांचा अनुभव. त्यांनी वाहनतळ उचलला आणि फाटकाबाहेर ठेवला.

काकांनी बघितलं. पोरगीने बघितलं. भांडायला काही उरलं नव्हतं.

प्रत्येक टेबलाला बोलायला दोन मिनिटं होती. बाईंना उभं केलं. त्यांनी नकाशाकडे बोट केलं आणि वर्गात सांगतात तसं, त्याच आवाजात सांगितलं, "कुठेही अडत नाही. कुणालाही मागे यावं लागत नाही. उभ्या गाड्या बाहेर. आत फक्त वळणं." आणि बसल्या.

टाळ्या पडल्या. बाईंचा त्या टाळ्यांवर विश्वास बसला. आपलं म्हणणं पोहोचलं, असंच त्यांना वाटलं. गाडी हा शब्द बोलायचा राहून गेला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. येईल कसं? स्वयंपाक्याला कुणी विचारलं, काय केलंस, तर तो भाजीचं नाव घेतो. विस्तव पेटवला होता हे काही तो सांगत बसत नाही. वळण म्हटलं की बाईंच्या हिशेबी त्यात गाडी आलीच. मुख्याध्यापिकांनाही शंका आली नाही, कारण त्या बोटाच्या मागे मनात क्लच दाबत होत्या.

पाच आठवड्यांनी नकाशेसाहेब स्वतः पटांगणात आला. हातात कागदाची गुंडाळी, चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद. बाईंनी गाडी थांबवायला लावली. त्याने नकाशा गाडीच्या बॉनेटवरच पसरला.

"बाई, अभिनंदन! सहापैकी तुमच्या टेबलाचा आराखडा निवडला. समितीत एकमत. काय कल्पना आहे! दोन वर्तुळं, मध्ये छेदणारी अखंड वाट. व्हीलचेअर असो, बाबागाडी असो, कुणाला उलटं फिरायला नको. मी पाच वर्षं शिकलो, मला नाही सुचलं."

बाईंनी नकाशा बघितला. आठ होता. अगदी बरोबर होता, त्रिज्यासुद्धा. वाटेवर जागोजागी छोटी माणसं काढली होती, एकाच्या हातात फुगा.

"गाडी कुठून येणार?" त्यांनी विचारलं.

"कुठली गाडी?"

"ही." बाईंनी बॉनेटवर बोट टेकवलं.

साहेब हसला. "गाडी पूर्ण हद्दपार, बाई! तीच तर तुमची सगळ्यात धाडसी सूचना. वाहनतळ फाटकाबाहेर. आम्ही पुढे जाऊन लिहिलंय, आत कोणत्याही वाहनाला प्रवेश नाही. अशी हिंमत आमच्यात नव्हती."

गाडीतून मुख्याध्यापिका ओरडल्या, "अहो, पण ती वाट गाडीसाठीच आहे!"

साहेबाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग चाकांकडे, मग सिमेंटवरच्या काळ्या आठाकडे. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत," तो म्हणाला.

"बोलले की. वळणं म्हटलं."

त्याने नकाशा गुंडाळला. गुंडाळताना दोनदा वाकडा झाला. "हरकती घ्यायला तीस दिवस आहेत," तो पुटपुटला. "लेखी द्या."

घरी नणंदेने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तुम्ही तर मापं घेऊन पाडलात, वहिनी." मग जरा थांबून, "राग येतोय का?"

बाईंनी आत शोधून बघितलं. "नाही."

"मला येतोय. माझा घ्या थोडा."

हरकतीचा अर्ज मुख्याध्यापिकांनी लिहिला. चार पानं, शुद्धलेखन निर्दोष. बाईंनी खाली ती न वाचता येणारी सही केली. पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज चाळला, रजिस्टर उघडलं, पुन्हा अर्ज चाळला.

"मूळ सूचना कुणाची होती?"

"माझी."

"आणि हरकत?"

"माझीच."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "सव्वीस वर्षं इथे बसतोय. भाऊ भावाविरुद्ध बघितला, सासू सुनेविरुद्ध बघितली. हे नवीन." मग शिक्का मारता मारता म्हणाला, "बाई, एक विचारू? माझी मिसेस तुमच्याकडेच शिकली. उताराला अजून न्यूट्रल करते. ते तुम्ही शिकवलंत?"

"नाही. ते तिने स्वतः शोधलं असणार."

सुनावणी एका लहान खोलीत झाली. टेबलामागे मोठे अधिकारी, शेजारी नकाशेसाहेब, समोर बाई आणि मुख्याध्यापिका. काका आराखड्याच्या बाजूने बोलायला आले होते. अधिकारी थकलेले पण सरळ गृहस्थ होते. त्यांनी चारही पानं वाचली होती.

"मला पटतं," ते म्हणाले. "पण वाट काढून टाकली तर तिथे काय हवं, ते सांगा."

"काही नको," बाई म्हणाल्या. "आहे तसं."

"म्हणजे रिकामं?"

"हो."

"रिकामं हा वापर नाही, बाई. माझ्याकडे वापरांची यादी आहे. बाग, खेळ, वाचन, व्यायाम. रिकामं कुठल्या रकान्यात लिहू?"

मुख्याध्यापिका उसळल्या. "शिकणं लिहा! गाडी शिकणं हे शिकणं नाही का?"

"वाहन प्रशिक्षण यादीत नाही."

काका घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, आमच्या मंडळातल्या चौघांच्या सुना यांच्याकडे शिकल्यात. यांना पूर्ण काढून टाकू नका. वाट तेवढी आम्हाला ठेवा." बाईंकडे न बघता पुढे म्हणाले, "गुडघ्यांना बरं पडतं ते. चांगली आखलीत हो."

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. अधिकाऱ्यांनी यादी खालपर्यंत वाचली. शेवटी बोट थांबलं. "एक 'इतर' आहे."

"इतर म्हणजे काय येतं त्यात?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"ज्याला दुसरीकडे जागा नाही ते."

"इतरला जागा किती?" हे बाईंनी विचारलं.

नकाशेसाहेबाने नकाशा ओढला, पट्टी लावली, खोडलं, पुन्हा लावली. त्या दिवसापासून तो बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता, पण पट्टी मन लावून धरली होती. "स्वच्छतागृहाच्या मागे एक तुकडा उरतो. मागच्या फाटकाने स्वतंत्र प्रवेश देता येईल. अठरा मीटर बाय सात. यापेक्षा जास्त नाही निघत, बाई. मी काल रात्रीपासून बघतोय."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे गेल्या. करड्या तुकड्याची जागा त्यांना पाठ होती. तो तिथे त्यांनीच ठेवला होता. भिंतीपासून पावलं टाकायला लागल्या. लांबीला सव्वीस, रुंदीला दहा. मुख्याध्यापिका पर्स छातीशी धरून बघत होत्या.

"बसतो का आठ?"

"नाही."

"अर्धा?"

"अर्धाही नाही. पहिल्याच वळणाला भिंत." बाई मध्यभागी उभ्या राहिल्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं. "रिव्हर्स बसतो. सरळ मागे, आणि कडेला लावणं. ते नीट होईल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं रस्त्यावर."

मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "रस्त्यावर म्हणजे, माणसं असतात तिथे?"

"हो, बाई."

त्याच दुपारी बाईंनी पालिकेत जाऊन "इतर" समोर सही केली. कारकुनाने ही सही तरी वाचता येते का म्हणून कागद उजेडात धरला, आणि नाद सोडला.

संध्याकाळी नणंदेने दारातच विचारलं, "काय दिलं?"

"मागे यायला जागा दिली. पुढे जायला रस्ता आहेच."

नणंदेने एक क्षण तोंड घट्ट मिटलं, मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की ती भिंतीला टेकली, डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता त्यातलं कुठलं पाणी कसलं ते तिचं तिलाही कळेना. भाऊ गेल्यापासून ती घरात अशी हसली नव्हती. बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. आपल्यालाही आता येईल, असं वाटून त्यांनी थोडी वाट पाहिली. आलं नाही. त्यांनी नणंदेला पाण्याचा पेला दिला, ती पिऊन होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग फोन घेऊन बसल्या. सात जणी शिकत होत्या. प्रत्येकीला सांगायचं होतं की उद्यापासून क्लास घराच्या दारातून सुरू होईल, सपाट तळाच्या चपला घाला, आणि सकाळी सहाला तयार राहा, कारण सातनंतर रस्त्यावर गर्दी होते.